ऑनलाइन सर्व्हेत मदतीचं बटन कसं टाकायचं

सर्व्हे भरणारा एखाद्या प्रश्नापाशी अडला की काय करतो? अंदाजाने काहीतरी टिक करतो, नाहीतर प्रश्न सोडून पुढे जातो, नाहीतर सरळ टॅब बंद करतो. समोर माणूस बसून विचारत असता तर "अहो पण यात नक्की कोणाकोणाला धरायचं?" असं विचारता तरी आलं असतं, स्क्रीनला ते विचारता येत नाही. मदतीचं बटन लागतं ते एवढ्यासाठीच. अडलेल्या माणसाला जागच्या जागी उत्तर मिळालं पाहिजे आणि त्याने आधी भरलेलं काहीही जाता कामा नये, या दोन गोष्टी जमल्या तर बटन कसंही दिसो, काम झालं.

कोडला हात लावायच्या आधी एक गोष्ट ठरवून घ्या. जी माहिती प्रत्येकाला लागणारच आहे ती बटनामागे लपवायची नाही, ती प्रश्नातच लिहायची. फ्रेडरिक कॉनरॅड, मिक कूपर, रॉजर टूरँजो आणि अँडी पेयचेव्ह या संशोधकांनी २००६ मध्ये नेमकं हेच तपासून छापलं होतं, की वेब सर्व्हेत एखाद्या शब्दाची व्याख्या मागितल्यावर दाखवायची ठेवली तर किती जण ती मागतात. फार थोडे मागतात. त्यातही व्याख्येपर्यंत पोचायला जितके जास्त क्लिक तितके लोक कमी, आणि शब्दावर नुसता माउस नेऊन व्याख्या दिसत असेल तर बघणारे त्यातल्या त्यात जास्त. विचार केला तर पटतं, कारण 'घर', 'काम', 'प्रवास' असे शब्द वाचून कोणाला आपण अडलोय असं वाटतच नाही, त्याला वाटतं मला कळलं, आणि तो स्वतःच्या अर्थाने उत्तर देऊन मोकळा होतो.

पण म्हणून मदत बिनकामाची असंही नाही. मायकेल शोबर आणि कॉनरॅड यांनी १९९७ मध्ये टेलिफोनवरच्या मुलाखतींचा अभ्यास केला होता, त्यात काही मुलाखतकारांना प्रश्न जसाच्या तसा वाचायचा नियम होता आणि काहींना अर्थ समजावून सांगायची मोकळीक होती. उत्तर देणाऱ्याची परिस्थिती सरळ असेल तेव्हा दोन्हीकडे उत्तरं बरोबरच आली, पण परिस्थिती गुंतागुंतीची असेल तेव्हा समजावून सांगितलेल्यांची उत्तरं कितीतरी जास्त अचूक निघाली (वेळ जास्त लागला, हेही खरं). म्हणजे बटन कोणासाठी आहे ते यातून कळतं. ज्याचं प्रकरण प्रश्नाच्या चौकटीत नीट बसत नाही त्याच्यासाठी.

एक प्रश्न घेऊन बघू. "तुमच्या घरात किती जण राहतात?" दिसायला किती सोपा प्रश्न, पण एखाद्याची मुलगी हॉस्टेलला असते, एखाद्याकडे भाचा वर्षभर राहायला असतो, कोणाचे वडील सहा महिने इथे आणि सहा महिने भावाकडे. शिवाय स्वतःला मोजायचं की नाही ही शंका तर सगळ्यांनाच येऊ शकते. मग जी शंका सगळ्यांना येऊ शकते ती प्रश्नात घालायची: "तुम्हाला धरून तुमच्या घरात किती जण राहतात?" आणि बाकीचं बटनामागे: "वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस या घरात झोपणारे सगळे धरा, लहान बाळंही धरा. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी दुसरीकडे राहून फक्त सुट्टीत येणारे धरू नका. बरोबर निम्मे दिवस राहणारे असतील तर आज जे इथे आहेत ते धरा." तीन-चार वाक्यं, त्यात निर्णय दिलेला आहे. "घर म्हणजे एकत्र राहणाऱ्या व्यक्तींचा समूह" असल्या व्याख्येने कोणाचंही काही सुटत नाही, हॉस्टेलवाली मुलगी धरायची का नाही ते सांगा.

आता बटनावर काय लिहायचं. बरेच जण नुसतं गोल प्रश्नचिन्ह टाकतात, मला ते आवडत नाही. प्रश्नचिन्हामागे काय असेल याचा अंदाज येत नाही, आणि अंदाज येत नाही तिथे कोणी क्लिक करत नाही. त्यापेक्षा माणसाच्या मनात जी शंका येते तीच बटनावर लिहा. वरच्या प्रश्नाला "कोणाकोणाला धरायचं?", पगाराच्या प्रश्नाला "कापून की न कापता?", असं. ज्याला ती शंका आहे त्याची नजर बरोबर तिथे जाते, ज्याला नाही तो वाचून पुढे जातो. जागेअभावी चिन्हच ठेवायचं असेल तर निदान स्क्रीन रीडरसाठी (स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) बटनाच्या एरिया-लेबल (aria-label) ॲट्रिब्यूटमध्ये पूर्ण वाक्य लिहा, नाहीतर दृष्टिहीन माणसाला पानभर "प्रश्नचिन्ह बटन, प्रश्नचिन्ह बटन" एवढंच ऐकू येत राहतं.

जागा म्हणजे प्रश्नाच्या लगेच खाली, उत्तराच्या पर्यायांच्या वर. पानाच्या शेवटी नको, उजव्या कोपऱ्यात तरंगतं तर नकोच नको. मोठ्या अक्षरात किंवा झूम करून वाचणाऱ्याला स्क्रीनचा एक तुकडाच दिसत असतो, उजवीकडे लांब ठेवलेलं बटन त्याला दिसतच नाही.

स्वतःच्या एचटीएमएल पानावर सर्व्हे असेल तर सगळ्यात सोपा मार्ग डिटेल्स (details) आणि समरी (summary) या दोन टॅगचा. समरीमध्ये बटनावरची शंका लिहायची, डिटेल्समध्ये त्याखाली उत्तर, झालं. जावास्क्रिप्टची एक ओळही लागत नाही, कीबोर्डने उघडतं, स्क्रीन रीडरला उघडं आहे की बंद ते कळतं, आणि स्क्रिप्ट लोड झाली नाही तरी चालतं. तुम्हाला फार काही वेगळं नको असेल तर इथेच थांबलात तरी चालेल, खरंच.

बटन टॅगच वापरायचा असेल तर मात्र एक गोष्ट अजिबात विसरू नका, टाइप. फॉर्मच्या आत बटन टॅग टाकला आणि टाइप दिला नाही तर ब्राउझर त्याला सबमिट बटन समजतो. म्हणजे माणूस मदत बघायला दाबतो आणि अर्धवट सर्व्हे सबमिट होऊन जातो. याहून लपलेली गडबड अशी की एखाद्या टेक्स्ट बॉक्समध्ये लिहून एंटर दाबलं की ब्राउझर फॉर्ममधलं पहिलं सबमिट बटन शोधून ते दाबतो, आणि तुमचं टाइप नसलेलं मदतीचं बटन 'पुढे'च्या बटनाच्या वर असतं, म्हणजे पहिलं तेच सापडतं. उपाय एका शब्दाचा आहे, टाइप म्हणून 'बटन' लिहा (type="button"). पान तयार झालं की सगळी मदतीची बटनं एकदा फक्त याच गोष्टीसाठी तपासून घ्या.

बाकीचं असं. मदतीचा मजकूर एका डिव्ह (div) टॅगमध्ये ठेवा, त्याला आयडी द्या आणि तो लपवणारं हिडन (hidden) ॲट्रिब्यूट लावा. बटनाला एरिया-एक्सपांडेड (aria-expanded) 'फॉल्स' द्या आणि एरिया-कंट्रोल्समध्ये (aria-controls) त्या डिव्हचा आयडी. क्लिक झाल्यावर स्क्रिप्टने दोनच कामं करायची, हिडन असेल तर काढायचं नसेल तर लावायचं, आणि एरिया-एक्सपांडेड त्याप्रमाणे ट्रू किंवा फॉल्स करायचं. डिव्ह बटनाच्या लगेच नंतर असला की उघडल्यावर मजकूर खाली सरकतो पण बटन बोटाखालीच राहतं, परत दाबून बंद करता येतं. बटन लेबल टॅगच्या आत घालू नका, एचटीएमएलच्या नियमात ते बसत नाही. रेडिओ बटनांचा प्रश्न असेल तर पर्यायांचा गट बांधणारा फील्डसेट आणि त्या गटाला नाव देणारा लेजंड हे टॅग वापराल, तिथेही बटन लेजंडच्या आत नको, लगेच नंतर ठेवा, नाहीतर काही स्क्रीन रीडर त्या गटाचं नाव वाचताना प्रत्येक वेळी बटनाचा मजकूरही चिकटवून वाचतात.

टायटल ॲट्रिब्यूटमध्ये मदत लिहून ठेवायची पद्धत अजून दिसते, ती सोडून द्या. ती फक्त माउस नेल्यावर दिसते, फोनवर बोटाने दिसत नाही, कीबोर्डवाल्यालाही दिसत नाही. माउस नेल्यावर उघडणारा छोटा डबा स्वतः बनवायचा असेल तर डब्ल्यूसीएजीच्या (वेबसाइट अपंगांनाही वापरता याव्यात म्हणून केलेले मार्गदर्शक नियम) २.१ आवृत्तीत (ती २०१८ ची) त्याला तीन अटी घातल्यात: माउस न हलवता तो बंद करता यावा, म्हणजे एस्केपने वगैरे, माउस डब्यावर नेला तर तो पळून जाऊ नये, आणि वाचून व्हायच्या आत आपोआप नाहीसा होऊ नये. आणि तोच डबा कीबोर्डचा फोकस आल्यावरही, म्हणजे टॅबने तिथे पोचल्यावरही, उघडला पाहिजे. एवढं सगळं सांभाळण्यापेक्षा क्लिकवर उघडणारी मदत बरी.

नव्या ब्राउझरमध्ये पॉपओव्हर (popover) ॲट्रिब्यूट आलंय, ते वापरलं तर एस्केपने बंद होणं, बाहेर क्लिक केल्यावर बंद होणं हे फुकट मिळतं. सोय चांगली आहे, फक्त तुम्ही काही सांगितलं नाही तर तो डबा स्क्रीनच्या मधोमध उघडतो आणि फोनवर प्रश्नच झाकला जातो. मदत वाचताना प्रश्न डोळ्यासमोर राहिला पाहिजे, म्हणून मी जागेवर उघडणाऱ्या मजकुराच्याच बाजूने आहे. आकृती किंवा मोठा फोटो दाखवायचा असेल, म्हणजे मीटरवरचा कुठला आकडा वाचायचा वगैरे, तेव्हा पानावर वेगळी उघडणारी चौकट, म्हणजे डायलॉग, ठीक, पण बंद केल्यावर फोकस परत त्याच बटनावर आला पाहिजे.

मदतीसाठी दुसरं पान उघडणारी लिंक शक्यतो टाळा. त्याच टॅबमध्ये उघडली तर भरलेली उत्तरं जायची भीती, नव्या टॅबमध्ये उघडली तर फोनवर लोकांना परत यायचा रस्ता सापडत नाही, आणि मदत वाचेपर्यंत सेशन संपलं तर मग विचारायलाच नको.

बोटाने दाबायला बटन पुरेसं मोठं हवं. डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये, जी ऑक्टोबर २०२३ मध्ये आली, डबल ए पातळीला (ए, डबल ए, ट्रिपल ए अशा चढत्या तीन पातळ्या आहेत) कमीत कमी २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल मागितलेत (काही सवलती आहेत), आणि ट्रिपल ए पातळीला ४४ बाय ४४. मी म्हणेन ४४ च धरा, कारण मदतीचं बटन पर्यायांच्या अगदी जवळ असतं आणि बोट चुकून पर्यायावर पडलं तर उत्तरच बदलतं, आणि ते बदललंय हे त्या माणसाच्या लक्षातही येत नाही. अक्षरांचा रंग फिकट करडा करू नका, पार्श्वभूमीशी ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट लागतो. आणि "कीबोर्डवाल्याला एक टॅब जास्त मारायला लागतो" म्हणून टॅबइंडेक्स उणे एक करून (tabindex="-1") टॅबच्या रांगेतून बटन वगळू नका, मग त्याला मदत कधीच मिळणार नाही.

तयार प्लॅटफॉर्मवर असाल तर एवढी मोकळीक नसते, पण काहीतरी सोय असतेच. गुगल फॉर्म्समध्ये स्वतःचं बटन किंवा स्क्रिप्ट घालता येत नाही, प्रश्नाच्या तीन टिंबांच्या मेनूतून डिस्क्रिप्शन चालू करायचं आणि मदत तिथे लिहायची, ती कायम दिसते. कायम दिसते म्हणून एका-दोन ओळींत आवरा. मल्टिपल चॉइस किंवा ड्रॉपडाउनला "उत्तराप्रमाणे सेक्शनवर जा" ही सोय आहे, त्यातून "आधी माहिती वाचायची आहे" असा पर्याय देऊन मदतीच्या सेक्शनला पाठवता येतं, पण असं सर्व्हेच्या सुरुवातीला एखाद्या ठिकाणीच करा, प्रत्येक प्रश्नाला केलंत तर शीटमध्ये नुसते कॉलम वाढत बसतात आणि भरणाराही गोल गोल फिरतो. मायक्रोसॉफ्ट फॉर्म्समध्ये तसंच सबटायटल आहे. लाइमसर्व्हेत प्रत्येक प्रश्नाला मदतीची वेगळी चौकट आधीपासून असते, ती वापरा. तिथे प्रश्नात स्क्रिप्ट टाकली आणि सेव्ह केल्यावर गायब झाली तर घाबरू नका, एक्सएसएस फिल्टर (घातक स्क्रिप्ट अडवणारी सुरक्षेची चाळणी) चालू असला की ती काढून टाकली जाते, ॲडमिनशी बोला किंवा थीममधून करा. क्वाल्ट्रिक्समध्ये प्रश्नाच्या मजकुराला एचटीएमएल व्ह्यू आहे आणि प्रश्नाला जावास्क्रिप्टही जोडता येते, तर वर सांगितलेलं बरंचसं तिथे जमतं.

टॅबलेट घेऊन फील्डवर जाणाऱ्यांसाठी एक्सएलएसफॉर्ममध्ये (एक्सेलच्या तक्त्यात फॉर्म लिहायची पद्धत) फार चांगली सोय आहे आणि ती कमी लोक वापरतात. 'हिंट' कॉलममध्ये लिहिलेलं प्रश्नाखाली दिसतं, आणि 'गायडन्स हिंट' नावाचा दुसरा कॉलम आहे, त्यातला मजकूर ओडीके कलेक्ट या फॉर्म भरायच्या ॲपच्या सेटिंगमधून पूर्ण लपवता येतो, कायम दाखवता येतो किंवा दाबल्यावर उघडेल असा ठेवता येतो. म्हणजे तेच आपलं मदतीचं बटन. दोन भाषांत फॉर्म असेल तर हे कॉलमही दोन्ही भाषांत भरा, प्रश्न मराठीत आणि मदत इंग्रजीत असं नको, ज्याला मराठीच येतं त्यालाच मदतीची जास्त गरज असू शकते.

इथपर्यंत झालं प्रश्नाच्या अर्थाचं. दुसरी मदत वेगळी असते, "पान पुढेच जात नाही", "माझी माहिती कोण बघणार", "मध्येच सोडलं तर परत येता येईल का". ही प्रश्नाच्या बटनात मिसळू नका, तिला हेडर किंवा फुटरमध्ये एकच जागा द्या आणि प्रत्येक पानावर तीच ठेवा. डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये यासाठी खास निकष आहे, ३.२.६, आणि तो अगदी खालच्या ए पातळीचा आहे: संपर्काची सोय अनेक पानांवर असेल तर ती सगळीकडे त्याच क्रमाने आली पाहिजे. नुसती ईमेलची लिंक ठेवू नका, ज्याच्या डिव्हाइसवर मेल ॲप सेट नाही त्याने दाबलं तर काहीच होत नाही, पत्ता अक्षरांतही लिहा म्हणजे कॉपी करता येतो. किती दिवसांत उत्तर देणार तेही तिथेच सांगा. आणि सर्व्हे निनावी असेल तर स्पष्ट लिहा की ईमेल केलंत तर तुमचं नाव आम्हाला कळेल, पण ते तुमच्या उत्तरांना जोडलं जाणार नाही. अर्थात हे खरं असेल तरच लिहा. चॅटचा तरंगता गोळा लावणार असाल तर फोनवर तो 'पुढे'च्या बटनावर बसत नाही ना ते बघा.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट, मदतीच्या मजकुराने उत्तर ढकलायचं नाही. "गेल्या आठवड्यात व्यायाम केला का?" याला मदत म्हणून "उदा. चालणं, पोहणं" एवढंच लिहिलं तर लोक चालणं आणि पोहणं आठवतात, घरातली अंगमेहनत, सायकलवरून कामाला जाणं हे सुटून जातं. उदाहरणं द्यायची तर वेगवेगळ्या टोकांची द्या आणि काय धरायचं नाही तेही सांगा. मताच्या प्रश्नांना, म्हणजे समाधानी आहात का, सहमत आहात का, मदतीचं बटन जवळजवळ लागूच नये, तिथे फार तर पट्टीवरचं १ म्हणजे काय आणि ५ म्हणजे काय एवढं सांगा, आणि तेही खरं म्हणजे पट्टीवरच लिहा. "आमची नवी सेवा अधिक जलद आहे" असं मदतीत लिहिणं म्हणजे उत्तर सांगून प्रश्न विचारणं, मग ते उत्तर घेऊन काही उपयोग नाही.

बटन कोणत्या प्रश्नाला किती वेळा उघडलं याची नोंद ठेवली तर फार उपयोगी पडते. प्रत्येक बटनामागे एक लपलेली फील्ड ठेवायची आणि उघडलं की तिथला आकडा एकने वाढवायचा. हे नोंदवताय हे सुरुवातीच्या संमतीच्या मजकुरात सांगा, गुपचूप नको. मग आधी थोड्या लोकांवर सर्व्हे चालवा आणि बघा. एखाद्या प्रश्नाची मदत बाकीच्यांपेक्षा खूप जास्त उघडली जात असेल तर मदत छान चाललीय म्हणून खूश होऊ नका, प्रश्न गोंधळाचा आहे, तो नव्याने लिहा, मदतीतलं महत्त्वाचं वाक्य उचलून प्रश्नात आणा. उलट एखाद्या प्रश्नाची मदत कोणीच उघडत नाही पण प्रश्न बरेच जण सोडून देतात, तर बटन दिसत नसेल किंवा त्यावरचे शब्द चुकीचे असतील. कोणी उघडत नाही आणि कोणी सोडतही नाही, तरी उत्तरं बरोबर आहेत असं धरू नका, दोन-चार जणांना शेजारी बसवून "हे वाचून तुम्ही कोणाकोणाला मोजलंत?" असं तोंडी विचारा, तिथे खरं काय ते कळतं.

तपासताना माउस बाजूला ठेवून नुसत्या कीबोर्डने पूर्ण सर्व्हे भरून बघा, टॅबने बटनावर पोचता येतं का, एंटर आणि स्पेस दोन्हीने उघडतं का. अँड्रॉइडवर टॉकबॅक, ॲपलवर व्हॉइसओव्हर, विंडोजवर एनव्हीडीए (फुकट मिळतो) हे स्क्रीन रीडर चालू करून निदान दोन-तीन प्रश्न ऐका. ३२० पिक्सेल रुंदीत मदतीचा मजकूर आडवा स्क्रोल न करता वाचता आला पाहिजे. आणि प्रत्येक मदत उघडून बंद केल्यावर आधीची उत्तरं जागेवर आहेत का, हे तर दोनदा बघा.

सर्व्हे एकदा लोकांकडे गेला की मदतीचा मजकूर बदलायचा नाही. आधीच्या लोकांनी हॉस्टेलची मुलगी धरली आणि नंतरच्यांनी नाही, असं झालं तर एकाच कॉलममध्ये दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं बसतात. अगदीच मोठी चूक सापडली आणि बदलावंच लागलं तर तारीख आणि वेळ लिहून ठेवा, जुना मजकूर जपून ठेवा, आणि एक लपलेली फील्ड घालून त्यात आवृत्ती १ की २ ते प्रत्येक उत्तराबरोबर जाऊ द्या, म्हणजे नंतर आकडे काढताना दोन्ही गट वेगळे करता येतात.